या नावाचा सभासद आधीच हजर आहे

कोठावदे खाली आले तेव्हा मी लग्नाच्या साडीला फॉल लावत बसले होते. साठी उलटल्यावर लग्न करणाऱ्या बाईने फॉल स्वतः लावावा की बाहेर द्यावा, यावर आमच्या इमारतीत दोन मतं असतील, पण मला बाहेरच्यांचा टाका पसंत पडत नाही. एरवी कोठावदे सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतात. त्या दिवशी दारातच थांबले, फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही लिहिलंय?"

फोनवर आमच्या सोसायटीची नोटीस होती. चौथ्या मजल्यावरचे सभासद श्रीरंग कोठावदे हे उपद्रवी असल्याने त्यांचं सभासदत्व रद्द करून त्यांना सदनिका विकायला लावावी, असा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आला होता. मतदान येत्या रविवारी. आणि ठराव मांडणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं, वैजयंती देवरे, तिसरा मजला.

मी म्हटलं, मी काही लिहिलेलं नाही, मी त्या सभेला गेलेच नाही. त्यावर कोठावदे म्हणाले की सभेला तर कुणीच जात नाही. आणि ते वर निघून गेले. चहा न पिता.

जे पुढे घडलं ते कळायचं तर आधी आमच्या सभेबद्दल सांगायला हवं. भूगोल शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे सुरुवातीला पृथ्वी गोल आहे हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

सोसायटीच्या सभा म्हणजे काय हे ज्यांनी त्या सोसल्यात त्यांना ठाऊक आहे. पार्किंग, पाण्याची टाकी, जिन्यातल्या चपला. लोक येईनासे झाले, गणपूर्ती होईना. मग ‘सभागृह’ नावाचं अॅप आलं आणि त्यात प्रत्येक सभासदाची एक छाया तयार करून ठेवायची सोय झाली. तुमचे जुने निरोप, ग्रुपवरची भांडणं, पत्रव्यवहार हे सगळं यंत्राला द्यायचं, शिवाय काही तास त्याच्याशी गप्पा मारायच्या. तुम्ही कुठल्या प्रश्नाला काय उत्तर द्याल, कशाने चिडाल, कुणाचं ऐकाल, याचा साचा ते काढतं आणि एका फाइलमध्ये भरतं. ती फाइल दूर कुठल्यातरी संगणकांच्या गोदामात राहते. सभा तिथेच भरते. तिथे तुमची छाया तुमच्या वतीने बोलते, भांडते, मत देते, आणि ते मत कायद्याने तुमचंच. आपण घरात भाजी निवडत बसायचं.

एका गोष्टीचा विचार मात्र कुणी केला नव्हता. खऱ्या सभा संपायच्या त्या मुद्दे संपले म्हणून नाही. त्या संपायच्या कारण लोकांना भूक लागायची, बायकांना कुकर आठवायचा आणि आजोबांना उठावं लागायचं. छायेला भूक नाही, कंटाळा नाही, प्रोस्टेट नाही. मागच्या वर्षी सुरू झालेली आमची सभा अजून चालूच होती, आणि हे आम्हाला माहीतही नव्हतं.

आता माझ्या छायेबद्दल. मी तिला घडवली ती गळतीच्या वर्षी. कोठावदे द्राक्ष निर्यातीच्या कंपनीतून निवृत्त झालेले. नाशिकचा माणूस, त्यातून द्राक्षातला. त्यांनी आपल्या घराला लागून असलेल्या, माझ्या छतावर येणाऱ्या गच्चीवर वेल चढवली, तिला ठिबकची नळी लावली आणि ती नळी स्लॅबमधून माझ्या खोलीत ठिबकू लागली. त्या खोलीत माझे नकाशे होते. शाळेसाठी मी हाताने काढलेले, महाराष्ट्रातल्या एकेका नदीच्या खोऱ्याचे, शाईचे. ते भिजले. गोदावरी भीमेत जाऊन मिळाली. कोठावद्यांनी पुढे सगळी गच्ची स्वखर्चाने जलरोधक करून घेतली, पण ‘चुकलं’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. दोन वर्षं आम्ही जिन्यात एकमेकांकडे न बघता चढलो-उतरलो. त्याच काळात अॅपने माझ्याशी गप्पा मारल्या, आणि मी दुसऱ्या कशाबद्दल बोलले असेन असं मला वाटत नाही.

मग माझं मनगट मोडलं. प्लास्टर असताना एका हाताने सगळं जमतं, बरणीचं झाकण जमत नाही. लोणच्याची बरणी घेऊन मी जिन्यात उभी असताना कोठावदे वरून आले. झाकण उघडून दिलं. दुसऱ्या दिवशी विचारायला आले की आज काही उघडायचं आहे का. प्लास्टर निघालं तरी येत राहिले. माझा त्यांच्यावर जीव जडला, हे सरळच सांगते. या वयात आडून बोलायला वेळ कुठे आहे. नोंदणी लग्न ठरलं, दोन घरांच्या मध्ये आतून जिना काढायचं ठरलं. या सगळ्याची माझ्या छायेला गंधवार्ता नव्हती. ती बिचारी गळतीच्या वर्षातच बसली होती आणि जिद्दीने काम करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नवी छाया करायला घेतली. यंत्राशी दुपारपर्यंत बोलले. कोठावद्यांचं कौतुक इतकं केलं की मलाच लाज वाटली. मग फाइल चढवली. अॅप म्हणालं, या नावाची फाइल आधीच आहे. मी नावापुढे ‘नवी’ लिहिलं. अॅप म्हणालं, या नावाचा सभासद नाही. मी जुनी फाइल काढायला गेले, ते म्हणालं परवानगी नाही. शेवटी ‘बदला’ असं एक बटण कोपऱ्यात सापडलं, ते दाबलं, चक्र फिरलं आणि हिरवी बरोबरची खूण आली. मी देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळी प्रेक्षक म्हणून सभेत डोकावले. माझी छाया जुन्याच चष्म्यात उभी होती आणि पहिल्या मजल्यावरच्या छायेला समजावत होती की कोठावदे हा माणूस स्लॅबला लागलेल्या वाळवीसारखा आहे. फार छान समजावत होती. मुद्द्याला मुद्दा, मध्ये थोडा दम, मग थोडी माया. सदतीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईपुढे कोण टिकणार. ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागत होती आणि ती एकेका छायेला गाठून गोळा करत होती. ती मीच असल्यामुळे ती हरणार नाही, हे मला दिसत होतं.

मदतकेंद्राला फोन लावला. तिथे तुषार बागुल म्हणून एक गृहस्थ होते, मालेगावचे, घरून काम करणारे. मागे कुणीतरी फोडणी देत होतं. त्यांनी आधी मला नेहमीचे उपाय करायला लावले. बाहेर पडा, परत आत या. साठलेली जुनी पानं पुसा. दुसऱ्या फोनवरून बघा. मी सगळं केलं. छाया वाळवीवरच होती. मग त्यांनी काहीतरी तपासलं.

"मॅडम, तुमची नवी फाइल व्यवस्थित पोचेल हाये," ते म्हणाले. "पण कपाटातला शर्ट बदलला म्हणून अंगातला बदलतो का? तसं झालं हे."

मग त्यांनी नीट उलगडून सांगितलं, आणि त्यांचं सांगणं मला आवडलं, कारण ते पायरीपायरीने गेले. फाइल गोदामात असते. सभा सुरू होताना यंत्र ती एकदा वाचतं आणि तिची प्रत आपल्या चालू स्मरणात घेतं. पुढे सगळं त्या प्रतीवर चालतं. गोदामात तुम्ही काहीही ठेवा, यंत्र तिकडे वळून बघत नाही. उलट, सभा संपेपर्यंत स्मरणातल्या त्या प्रतीच्या जागेला कुलूप असतं. हे मुद्दाम केलंय. नाहीतर लोक मतदानाच्या तोंडावर छाया बदलतील. सभा संपली की कुलूप निघेल, जुनी प्रत पुसली जाईल आणि नवी फाइल आपोआप जागेवर बसेल.

मी विचारलं, मग सभा संपत का नाही. बागुलांनी नोंदी चाळल्या. सभेचे सगळे विषय केव्हाच उरकले होते. राहिलं होतं ते आभारप्रदर्शन. आभार झाल्याशिवाय अध्यक्षांना सभा संपल्याचं जाहीर करता येत नाही, हा आपल्याकडचा रिवाज छायांनी अगदी रक्तात भिनवला होता. आणि आभाराच्या यादीत गच्ची दुरुस्त करून दिल्याबद्दल कोठावद्यांचं नाव होतं. ते नाव वाचलं की माझी छाया हरकत घ्यायची. नाव वगळलं की कोठावद्यांची छाया हरकत घ्यायची. हरकत आली की विषय पुन्हा खुला, आणि विषय खुला झाला की कुणीतरी ऐनवेळचा मुद्दा काढायचं. हकालपट्टीचा ठराव हा असाच ऐनवेळचा मुद्दा होता. वर्षभर हे चाललं होतं.

"तुमचं दोघांचं अडकेल हाये," बागुल म्हणाले. "ते तुम्हाला सोडत नाहीत, तुम्ही त्यांना सोडत नाहीत. आम्ही बाहेरून काही करू शकत नाही."

एक वाट मात्र त्यांनी दाखवली. सभासद स्वतः सभेत शिरला तर छायेने खुर्ची सोडायची असते. मी लगेच शिरायला गेले. पडद्यावर तांबडी अक्षरं आली : या नावाचा सभासद आधीच हजर आहे.

बागुलांना पुन्हा फोन. ते ओशाळून म्हणाले की हो, ओळख पटवावी लागते. हल्ली चेहरा, आवाज, अंगठा यांतलं काहीही नकली करता येतं, हे आपण सगळे जाणतोच. म्हणून अॅपने ओळखीची एकच खूण धरली होती : हा माणूस त्या माणसासारखा विचार करतो का. आणि ते सगळ्यात चांगलं कोण सांगणार, तर त्याची छाया. म्हणजे मी मीच आहे याचा दाखला मला त्या बाईकडून घ्यायचा होता. मन बदललेल्या माणसाचं काय, हे बनवणाऱ्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. बागुल म्हणाले, सोसायटीत कुणाचं मन बदलेल असं त्यांना वाटलं नसावं.

मी अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष मोगल यांना सभा अजून चालू आहे हे ऐकून धक्का बसला आणि पाठोपाठ आनंद झाला, कारण सभा संपली की निवडणूक लागते. ते म्हणाले, लोकशाही आहे, मी कसा हस्तक्षेप करणार. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या त्यांच्या नातीच्या भूगोलाच्या मार्कांचा विषय काढला. तेव्हा रविवारी मतदानाआधी आम्हा दोघांना पाहुणे म्हणून थोडा वेळ बोलू द्यायचं त्यांनी कबूल केलं.

मग मी वर गेले. कोठावदे खोकी भरत होते. मुलाकडे पुण्याला जायचं म्हणाले. मी सगळं समजावलं. शर्ट, कपाट, कुलूप, आभार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला तांत्रिक भाग समजला," ते म्हणाले. "पण मॅडम, ती बोलते ते सगळं तुमच्याच तोंडचं आहे. शब्द न् शब्द. मी काल संध्याकाळपासून ऐकतोय. तिच्या मनात हे आहे, मग तुमच्या मनात नाही कशावरून?"

त्यांना सोडून राहायचं या कल्पनेने मला रडू येत होतं आणि त्याच वेळी रागही येत होता. मी इतकंच म्हणाले की रविवारी खाली या, पुण्याचं नंतर बघू.

रविवारी सकाळी ते आले. इस्त्रीचा सदरा घालून, पण कोरड्या चेहऱ्याने. जेवणाच्या टेबलावर आम्ही पडदा उभा केला. सगळी इमारत छायारूपाने बसलेली. मोगलांची छाया अध्यक्षस्थानी, खऱ्या मोगलांपेक्षा दहा किलोंनी बारीक. त्यांनी पाहुण्यांना बोलायची परवानगी दिली आणि माझी छाया माझ्याकडे वळली.

तिने आधी साधे प्रश्न विचारले. गळती सुरू झाली तेव्हा खाली काय ठेवलं होतं? पितळी घंगाळ, मी म्हटलं. सगळ्यात जास्त कुठला नकाशा खराब झाला? गोदावरीचं खोरं. तिने मान डोलावली. मग चष्मा नाकावर सरकवून, मी वर्गात कॉपी पकडताना जशी थांबते तशी थांबली आणि विचारलं की श्रीरंग कोठावदे या इसमाबद्दल आपलं मत काय.

"चांगला माणूस आहे," मी म्हटलं.

"अध्यक्षमहाराज," ती म्हणाली, "ही बाई बनावट आहे."

सभेत कुजबुज झाली. कोठावदे शेजारी बसून ऐकत होते. मी काही बोलणार तोच त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, पडद्यासमोर सरकले आणि छायेला म्हणाले की देवरे मॅडम, मी कोठावदे. तुमच्या घरात पाणी आलं, नुकसान झालं, त्याबद्दल मी तुमची माफी मागतो.

माझ्या छायेने चष्मा काढून हातात घेतला. मला वाटलं, सुटलं. पण मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि एक काळ्या मिशीचे कोठावदे ताडकन उभे राहिले. आम्ही दोघं माझ्याच छायेचा विचार करत होतो. त्यांचीही छाया त्याच वर्षातली होती, हे दोघांच्याही डोक्यातून साफ निघून गेलं होतं.

"मी कसलीही माफी मागितलेली नाही," ती छाया म्हणाली. "मागणारही नाही. माझ्या नावावर कोण बोलतंय हे?"

माझी छाया तिच्याकडे वळली. वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर त्या माणसाबद्दल पसंती दिसली. ती म्हणाली की कोठावद्यांशी माझे कितीही मतभेद असोत, पण खऱ्या कोठावद्यांना मी चांगली ओळखते आणि ते माफी मागणाऱ्यांतले नव्हेत. मिशीवाले म्हणाले, आभारी आहे, आणि खऱ्या देवरेबाई मला चांगला माणूस म्हणणार नाहीत, याबद्दल मीही सभेला खात्री देतो. बघता बघता दोघांनी मिळून ठराव मांडला. सभासदांची रूपं घेऊन शिरलेल्या या दोन भामट्यांना सभेतून हाकलून द्यावं. सूचक वैजयंती देवरे, अनुमोदक श्रीरंग कोठावदे. एकमताने मंजूर. आमच्या सोसायटीत एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव असावा.

आमचे आवाज बंद झाले, चित्र दिसत राहिलं. माझी छाया पुन्हा उठली. कोठावद्यांनी आज सभेची लाज राखली, म्हणाली, तेव्हा माझा हकालपट्टीचा ठराव मी मागे घेते. मोगलांच्या छायेने आभाराची यादी उघडली. ते नाव आलं. हरकत नाही, माझी छाया म्हणाली, उलट ते आभार मीच मानते. आणि तिने मानले. मोजक्या शब्दांत, चांगले मानले. मिशीवाल्यांनी हात जोडले. सभा संपली. पडद्यावर एकेक चेहरा विझत गेला आणि खाली अक्षरं आली की फाइल बदलली जात आहे, कृपया थांबावे. मग हिरवी खूण. या वेळची खरी होती. उघडून पाहिलं तर खुर्चीत नव्या चष्म्यातली मी बसले होते आणि कोठावद्यांचं कौतुक सांगत होते. मी घाईने पडदा मिटला.

बागुलांचा फोन आला. त्यांच्याकडे कुलूप निघाल्याची घंटा वाजली होती. कसं काय जमवलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की आम्हाला बाहेर काढल्यावर जमलं. ते म्हणाले, नोंदवून ठेवतो, इतर गिऱ्हाइकांना सांगता येईल.

कोठावदे चहाला थांबले. सभेचं इतिवृत्त लगेचच फोनवर आलं होतं, ते मी वाचून दाखवलं. शेवटी एक ओळ होती : बनावट इसमांनी केलेली विधाने कामकाजातून वगळण्यात येत आहेत. मी फोन खाली ठेवला. सगळं मनासारखं झालं होतं. लग्न होणार होतं, जिना निघणार होता, तरी मला आतून बरं वाटत नव्हतं. त्या जुन्या चष्म्याच्या बाईला मी हिणवून हिणवून पुसून टाकलं होतं, आणि ती जे मागत बसली होती तेच मलाही हवं होतं. लोणच्याच्या बरणीच्या पहिल्या दिवसापासून हवं होतं. मी विचारून टाकलं की सकाळी माफीचं म्हणालात ते खरं होतं, की सभा संपवायला म्हणाला होतात?

कोठावद्यांनी कप बशीत ठेवला.

"सभा संपवायला," ते म्हणाले. "खरं वेगळं आहे. नळी गळतेय हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण वेल फुलोऱ्यात होती. पाणी तोडलं असतं तर मणी धरले नसते. म्हटलं, थोडे दिवस. तुमचे नकाशे आहेत खाली, हे मला माहीत होतं. मी दारातून पाहिले होते एकदा. तरी नळी बंद केली नाही. चुकलं माझं, मॅडम."

गल्लीत भंगारवाला ओरडत होता, बाकी घर शांत होतं. मला ऐकू आलं होतं, अगदी स्पष्ट. तरी मी म्हटलं, परत म्हणा.

कोठावदे परत म्हणाले.